नियमावली आली, नकाशा कुठे?

महाडहून वरंधा घाटाच्या दिशेने निघाले की वाटेत बिरवाडी लागते. काळ नदीचा काठ, लगतची औद्योगिक वसाहत, आसपासच्या खेड्यांची बाजारपेठ आणि पूर्वेकडे सह्याद्रीच्या उतारांवर विसावलेल्या वाड्या असा हा परिसर. याच वाटेने पुढे समर्थांच्या वास्तव्याने पावन झालेली शिवथर घळ आहे आणि याच मुलुखावर रायगडाची छाया आहे. भातखाचरे आणि वरकस जमिनी यांवर पिढ्यान्पिढ्या जगलेल्या या भागात गेल्या काही वर्षांपासून एक नवा प्रश्न घरोघरी चर्चिला जात आहे : घर बांधायचे तर परवानगी कोणाची, आणि कोणत्या कायद्याने?

प्रश्न साधा वाटतो, उत्तर मात्र साधे नाही. गावठाणात बांधकाम करायचे असेल तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 52 नुसार ग्रामपंचायतीकडे जावे लागते. गावठाणाबाहेर पाऊल टाकले की 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाचे कलम 18 लागू होते आणि अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाआत औद्योगिक विकास महामंडळाची स्वतंत्र नियमावली चालते. वर जंगलाची हद्द लागली की वनखाते येते. एकाच शिवारात चार सत्ता, चार दप्तरे आणि चार प्रकारचे नकाशे! सामान्य शेतकऱ्याला यातून वाट काढताना दलालाचा आधार घ्यावासा वाटला, तर दोष एकट्या त्याचा नाही.

ही गुंतागुंत कमी करण्याचा प्रयत्न राज्य शासनाने केला आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. डिसेंबर 2020 मध्ये एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. मुंबई महानगरपालिका, औद्योगिक विकास महामंडळ आणि अन्य काही अपवाद वगळता सर्व राज्याला बांधकामाचा एकच नियमसंच मिळाला. त्यानंतर लगेच, 2021 च्या प्रारंभी, ग्रामीण भागातील लहान घरांसाठी वाट मोकळी करण्यात आली. सुमारे 1600 चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर मालकीची कागदपत्रे, आराखडा आणि परवानाधारक अभियंत्याचा दाखला सादर करून काम सुरू करता येते. 3200 चौरस फुटांपर्यंत ग्रामपंचायतीच्या स्तरावर निर्णय होतो, नगररचनाकाराच्या दारी जावे लागत नाही.

जमीन महसूल संहितेतही 2014 पासून टप्प्याटप्प्याने बदल झाले. कलम 42 ला पोटकलमांची जोड मिळाली आणि अकृषिक परवानगीचा जुना जाच सैल झाला. त्यांतील 42-ड या तरतुदीनुसार, गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत असलेली आणि प्रादेशिक योजनेत विकासयोग्य ठरलेली जमीन, विहित रक्कम भरल्यानंतर निवासी वापरासाठी अकृषिक झाली असे मानले जाते. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याच्या बाबतीतही हेच घडले. अकृषिक वापरासाठी नेमलेल्या क्षेत्रातील जुने लहान तुकडे नियमित करण्यासाठी बाजारमूल्याच्या 25 टक्के रक्कम मोजावी लागे. ऑक्टोबर 2024 मध्ये ती 5 टक्क्यांवर आली आणि 2025 मध्ये, 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळातील व्यवहारांसाठी, तो आकारही माफ झाला.

या बदलांचे स्वागतच केले पाहिजे. कोकणातील किती कुटुंबांनी कायद्याच्या कचाट्यात आयुष्याची वर्षे घालवली याची गणती नाही. भावाभावांत वाटणी झाली, दोन गुंठ्यांवर घर उभे राहिले, परंतु सातबाऱ्यावर नाव लागले नाही. नाव नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून घर अर्धवट. मुंबईत गिरणीत, गोदीत किंवा कचेरीत चाकरी करून निवृत्तीच्या पैशांतून गावी दोन खोल्या बांधू पाहणारा चाकरमानी तालुक्याच्या ठिकाणी हेलपाटे घालून थकत असे. परवानगीचा कागद मिळणे ज्या व्यवस्थेत अशक्यप्राय होते, त्या व्यवस्थेत बेकायदा बांधकाम हाच नियम होऊन बसतो. त्यामुळे सामान्य माणसाला प्रामाणिकपणे घर बांधता यावे यासाठी कायदा सुटसुटीत होणे, ही समाजहिताचीच गोष्ट आहे.

तथापि कायदा सुटसुटीत झाल्याने डोंगराचा उतार कमी होत नाही आणि नदीचे पात्रही रुंदावत नाही. येथेच खरा प्रश्न उभा राहतो.

200 मीटरची मर्यादा हे कागदावरचे माप आहे. सोलापूर किंवा अहिल्यानगरच्या सपाट माळरानावर गावठाणाभोवती 200 मीटरचे वलय काढले तर त्यात बहुधा सपाट शेतेच येतील. महाड-पोलादपूरच्या भूमीत मात्र तेच वलय एका टोकाला ओढ्याच्या पात्रात उतरते आणि दुसऱ्या टोकाला डोंगराच्या कड्याखाली जाते. शिवाय कोकणातील गाव एकवट नसते. गावठाण एका जागी, तर वाड्या आणि कोंड कोसभर विखुरलेले. सर्वच वाड्यांना दप्तरी गावठाणाचा दर्जा मिळालेला नसतो. ज्या वाडीला गावठाण म्हणून मान्यताच नाही, तिला 200 मीटरच्या तरतुदीचा लाभ कसा मिळणार? आणि जिथे वलय निघते, तिथे त्यातील कोणती जमीन सुरक्षित व कोणती धोक्याची, हे कोणी ठरवायचे?

नव्या नियमावलीत याचे उत्तर आहे, हे विशेष. एकास पाच, म्हणजे पाच फूट पुढे गेल्यावर एक फूट चढ, यापेक्षा अधिक उताराची जागा बांधकामास योग्य मानलेली नाही. नदीकाठासाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा मानल्या आहेत. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी निळी रेषा दाखवते, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी लाल रेषा दाखवते. नदी आणि निळी रेषा यांच्या दरम्यान घर बांधण्यास मनाई आहे. निळ्या आणि लाल रेषेच्या दरम्यान बांधायचे झाल्यास जोत्याची उंची लाल रेषेच्या पातळीहून किमान 45 सेंटिमीटर अधिक ठेवावी लागते. नियम शहाणपणाचे आहेत. पण नियम जमिनीवर लागू होण्यासाठी त्या रेषा कोणाच्या तरी टेबलावर असाव्या लागतात. ग्रामपंचायतीच्या कपाटात गावाचा जुना नकाशा असेल, त्यावर उतार नाही आणि पूररेषाही नाही, तर अभियंत्याने कशाच्या आधारे दाखला द्यावा आणि ग्रामसेवकाने तो कशाशी ताडून पाहावा? नकाशा नसलेल्या गावात नियमावली हे केवळ छापील पुस्तक उरते.

रायगड जिल्ह्याची प्रादेशिक योजना 1992 मध्ये मंजूर झाली. विकासयोग्य जमीन कोणती हे महाडच्या पट्ट्यात ठरवताना आजही मूळ आधार त्या योजनेचा आहे. या योजनेला तीन दशकांहून अधिक काळ लोटला आणि दरम्यान या भूमीने काय पाहिले? जुलै 2005 च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील जुई, दासगाव, कोंडिवते, रोहण या गावांवर डोंगर कोसळले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. 22 जुलै 2021 रोजी तळियेची कोंढाळकरवाडी मातीखाली गेली आणि ऐंशीहून अधिक जीव गेले. त्याच दिवसांत पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले आणि महाड शहर सावित्रीच्या पुरात बुडाले. तळियेच्या वाचलेल्या कुटुंबांना पुढचे पावसाळे कंटेनरच्या तात्पुरत्या घरांत काढावे लागले. 1992 चा कागद यांतील एकही घटना जाणत नाही. राज्याचा कायदा 2020 चा, 2025 चा, आणि ज्या आराखड्यावर तो उभा आहे तो मात्र गेल्या शतकातला, ही विसंगती जीवघेणी ठरू शकते.

शासनाने दरडप्रवण गावांच्या याद्या केल्या आहेत, असे उत्तर यावर दिले जाईल. याद्या हव्यातच. मात्र त्यांच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. 19 जुलै 2023 च्या रात्री याच जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गाडली गेली. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. यादी गावाच्या नावाने होते, दरड मात्र एखाद्या वाडीवर, एखाद्या घळीच्या तोंडाशी कोसळते. म्हणून गावाचे नाव यादीत आहे किंवा नाही एवढ्यावर कोणतीही परवानगी अवलंबून ठेवता येणार नाही. प्रत्येक वाडीच्या वरच्या उतारावर काय आहे, पाण्याचा निचरा कुठून होतो, कुठे झाडोरा तोडला गेला, कुठे रस्त्यासाठी डोंगराचा पाया खोदला गेला, याची नोंद वाडीनिहाय झाली पाहिजे.

दुसरे उत्तर असे दिले जाते की, अभियंत्याचा दाखला आहे, तो जबाबदार आहे. परंतु 24 ऑगस्ट 2020 रोजी महाड शहरातील पाच मजली इमारत कोसळली आणि 16 जणांचा बळी गेला. ती इमारत दहा वर्षांचीही जुनी नव्हती. कागद पूर्ण असणे आणि घर सुरक्षित असणे यांत किती अंतर असू शकते, हे महाडकरांना कोणी नव्याने शिकवण्याची गरज नाही. स्वयंप्रमाणनाची पद्धत विश्वासावर चालते आणि विश्वास टिकतो तो पडताळणीने. पडताळणी करणारी यंत्रणा गावपातळीवर नसेल, तर सुलभतेचा लाभ प्रामाणिक कुटुंबापेक्षा घाईत असलेल्या विकासकालाच अधिक होईल.

बिरवाडीसारख्या ठिकाणी ही घाई समजण्याजोगी आहे. शेजारी कारखाने आहेत, कामगार आहेत, त्यांना भाड्याच्या खोल्या हव्या आहेत. भातशेतीपेक्षा खोल्यांचे भाडे अधिक देते, हा साधा हिशेब आहे. दुसरीकडे पुण्या-मुंबईच्या मंडळींना डोंगरकुशीत घर हवे आहे आणि त्यांना उताराच्या जमिनीचे तुकडे दाखवणारे मध्यस्थही हजर आहेत. नोव्हेंबर 2023 मध्ये महाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यातील स्फोट व आगीत 11 कामगारांचा मृत्यू झाला. वसाहतीच्या कुंपणाआतील जमीन एका नियमावलीची आणि कुंपणाबाहेरील वस्ती दुसऱ्या नियमावलीची. आगीला आणि वायूला हे कुंपण ठाऊक नसते. मग कारखाना आणि वस्ती यांच्यात किती अंतर राहिले पाहिजे, याचा विचार दोन्ही नियमावल्यांच्या सांध्यावर बसून कोण करणार? आज हा सांधाच मोकळा आहे.

ज्या रायगडाच्या परिसरात ही चर्चा चालली आहे, तेथून कारभार करणाऱ्या शिवछत्रपतींनी जमिनीच्या व्यवस्थेला किती महत्त्व दिले होते, हे येथे आठवणे अप्रस्तुत ठरणार नाही. अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखाली काठीने जमीन मोजली गेली, तिची प्रतवारी ठरली आणि मग सारा आकारला गेला. आधी मोजणी, मग प्रत, मग नियम, असा तो क्रम होता. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही झाडे कोणती व कशी तोडावीत याची तपशीलवार काळजी घेतलेली दिसते. भूमीची पारख करून मगच तिच्यावर हुकूम चालवायचा, ही या मातीतील राज्यकारभाराची परंपरा आहे. आजचा क्रम उलटा झाला आहे. नियम आधी आले, मोजणी आणि प्रत मागे राहिली.

हा क्रम सुलटा करणे अशक्य नाही. एप्रिल 2020 मध्ये देशभर सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी होत आहे. या कामाचा प्रारंभिक प्रयोग महाराष्ट्रातच, पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी झाला होता. म्हणजे गावठाणाची नेमकी हद्द आखण्याचे साधन हाती आहे. या हद्दीवर 200 मीटरचे वलय, त्यावर उताराचे मोजमाप, त्यावर जलसंपदा खात्याच्या पूररेषा, त्यावर भूवैज्ञानिकांनी दाखवलेल्या दरडीच्या जागा आणि शेवटी औद्योगिक वसाहत व वनजमीन यांच्या हद्दी, असे थर एकाच नकाशावर आले, तर गावातील कोणत्या गटात घर बांधता येईल व कोणत्या गटात नाही, हे शाळेतील मुलालाही सांगता येईल. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. चार खात्यांनी आपापली कपाटे उघडून एका टेबलाभोवती बसण्याची गरज आहे. तहसील पातळीवर अशी बैठक दर पावसाळ्यापूर्वी घेण्याचे बंधन शासनाने घातले पाहिजे आणि 1992 च्या प्रादेशिक योजनेची, निदान महाड व पोलादपूरपुरती, फेरतपासणी प्राधान्याने हाती घेतली पाहिजे.

मात्र सर्व भार शासनावर टाकून समाजाने हात झटकणे योग्य होणार नाही. 73 व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला जे स्थान दिले, ते सह्यांच्या कोरमपुरते नव्हते. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी भरणाऱ्या ग्रामसभांत गावाच्या नकाशाचा विषय कितीदा निघतो? घरकुलांची यादी आणि दिवाबत्ती यांपलीकडे चर्चा क्वचितच जाते. गावाने असा ठराव केला पाहिजे की, गावठाणाची हद्द, वलय, पूररेषा आणि धोक्याचे उतार दाखवणारा मराठीतील नकाशा ग्रामपंचायतीच्या दर्शनी भिंतीवर लागेल आणि कोणताही नवा दाखला त्या नकाशावर बोट ठेवूनच दिला जाईल. वरच्या वाडीतील वृद्धांना कोणता ओढा कोणत्या साली फुटला, कोणत्या कड्याखाली पावसाळ्यात भेगा पडतात, हे पाठ असते. त्यांचे हे ज्ञान नोंदले जाणे तितकेच आवश्यक आहे. ज्या कुटुंबाची जमीन धोक्याच्या पट्ट्यात येईल, त्याला केवळ नकार देऊन चालणार नाही. त्याच्यासाठी सुरक्षित जागा गावठाण विस्तारातून उपलब्ध करून देणे, हाही त्याच ठरावाचा भाग असला पाहिजे. अन्यथा नकाशाचे ओझे सर्वांत गरीब वाडीच्याच माथी बसेल.

2005 असो वा 2021, आपत्तीच्या वेळी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून तरुण महाड-पोलादपूरकडे धावले. त्यांनी घराघरांतील चिखल उपसला, शिधा पोहोचवला, मृतांच्या नातलगांना आधार दिला. या सेवाभावाबद्दल समाज कृतज्ञच आहे. पण मृतदेह बाहेर काढणाऱ्या हातांना त्याच ठिकाणी पुन्हा जावे लागू नये, ही त्या सेवेची पुढची पायरी आहे. पावसाळ्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी चार शिकलेले तरुण, त्यांत एखादा अभियंता, एखादा वकील, वाडीत जाऊन उतार मोजतील, नोंदी करतील आणि ग्रामसभेत त्या मांडतील, तर ते काम मदतफेरीइतके दिसणारे नसेल. त्याचे छायाचित्र निघणार नाही. तरीही त्याचे मोल अधिक आहे.

कायद्याने सामान्य माणसावर विश्वास टाकला आहे. परवानगीचे अनेक उंबरठे हटवून त्याने घर बांधण्याची जबाबदारी गावाच्या हाती दिली आहे. तो विश्वास सार्थ ठरवायचा असेल, तर घर कुठे बांधायचे नाही हे ठरवण्याचे धैर्यही गावाने दाखवले पाहिजे. बिरवाडीच्या शिवारात पुढचा पाऊस कोसळेल तेव्हा काळ नदी कोणाचा सातबारा पाहणार नाही आणि डोंगरही कोणाचा दाखला विचारणार नाही. त्यांना विचारून घेण्याचे काम आजच, कोरड्या दिवसांत, नकाशा समोर ठेवून करावे लागेल.